देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती: ही दोन कामं की एकच?

शेवंती
जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझ्या सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तेव्हापासून त्या अंथरुणावर. नवरा कंपनीत, रविवारी बहुतेक वेळा ड्युटी असतेच. मुलगा बारावीला. त्यामुळे अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. आमची उपासना रविवारी साडेआठला, नेमकी त्यांचं आवरायची वेळ. गेल्या वर्षात मी चर्चला पाच-सहा वेळाच गेले असेन.

मागच्या महिन्यात महिला मंडळातल्या एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुझी पहिली प्रीती थंड पडलीय गं. प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय वाच." घरी येऊन वाचला. "तू आपली पहिली प्रीती सोडली." त्या दिवसापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

प्रभूने तर दोन आज्ञा एका श्वासात सांगितल्या. देवावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण मनाने प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. मग ही दोन वेगळी कामं आहेत का? एक करताना दुसरं राहिलं तर हिशेबात कमी पडतं का? जाणकारांनी सांगावं.

मळ्यातला
ताई, तुम्ही करताय तीच उपासना. दुसरं काही मनावर घेऊ नका.

वचनप्रेमी
मला हे इतकं सोपं वाटत नाही. ताईंबद्दल आदर आहे, पण प्रश्न विचारलाय म्हणून स्पष्ट लिहितो. प्रभू म्हणाला "हीच मोठी व पहिली आज्ञा". दुसरीला त्याने "हिच्यासारखी" म्हटलं, तीच म्हटलं नाही. हल्ली सगळीकडे ऐकतो, माणसाची सेवा केली की झाली देवाची भक्ती. असं असतं तर पहिली आज्ञा वेगळी सांगायची गरजच नव्हती. देवाबरोबर एकांत हवा, वचन हवं, मंडळीची संगत हवी. इब्री दहाव्या अध्यायात एकत्र मिळणं सोडू नका असं साफ लिहिलंय. त्या बाईंची बोलण्याची पद्धत चुकली असेल, पण काळजी खोटी होती असं नाही.

वसईकर_मास्तर
आमच्याकडे म्हणजे कॅथलिकांत रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवणं गंभीर मानतात. तरी आमची धर्मशिकवणच सांगते की आजारपण, तान्ह्या बाळाची काळजी असं सबळ कारण असेल तर ती सक्ती राहत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी एकटी बाई असेल तर यापेक्षा सबळ कारण कोणतं?

फ्रान्सच्या संत व्हिन्सेंट डी पॉल यांची गोष्ट सांगतो. १६३३ मध्ये त्यांनी आणि लुईझ द मारियाक यांनी रुग्णांची सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ काढला. त्यांची शिकवण अशी होती की प्रार्थनेला बसलेली असताना दारात गरीब आला तर उठून जा. मन खाऊ नका. देवाला सोडून देवाकडेच चाललात.

माझी आई शेवटची चार वर्षं झोपून होती. फादर दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, घेऊन यायचे. आदल्या रात्रीपासून आई चादर बदला म्हणून मागे लागायची. तुमचे पाळक घरी येतात का?

वचनप्रेमी
मास्तर, संतांची वचनं आम्ही प्रमाण धरत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. शास्त्रातून दाखवा.

जुने_पाळक
शास्त्रातूनच दाखवतो. ३४ वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पाळक होतो, आता निवृत्त आहे.

मार्क सात काढा. परूशी, म्हणजे नियमांना काटेकोर असलेले यहुदी, प्रभूला हात न धुण्यावरून टोकतात, तेव्हा तो उलट त्यांना विचारतो: तुमच्यातला एखादा आईबापांना म्हणतो की मी तुम्हाला जे दिलं असतं ते "कुर्बान" आहे, म्हणजे देवाला अर्पण आहे, आणि मग तुम्ही त्याला आईबापांसाठी काहीच करू देत नाही, हे कसं? म्हणजे देवाच्या नावाखाली म्हाताऱ्यांची सेवा टाळायची सोय तेव्हाही होती, आणि प्रभूने ती स्पष्ट शब्दांत नाकारली. सासू आईच्याच जागी. शेवंतीबाईंनी याच्या उलट केलंय. त्यांनी उपासनेचा वेळ म्हातारीला दिलाय.

आता वचनप्रेमींचा मुद्दा. तो टाकाऊ नाही. लूकचा दहावा अध्याय सलग वाचा. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? प्रभू चांगल्या शोमरोन्याचा दाखला देतो, वाटेत लुटून टाकलेल्या जखमीला सांभाळणाऱ्या परक्या माणसाचा. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, गाढवावर बसवणं, उतारशाळेवाल्याला दोन दीनार, सगळी हातापायाची कामं. "जा आणि तूही तसेच कर." आणि त्याच अध्यायाच्या शेवटी मार्था आणि मरीया. तिथे काम करणारी मार्था बोल खाते आणि पायांपाशी बसलेली मरीया बरोबर ठरते. लूकने ही दोन्ही प्रकरणं शेजारी शेजारी ठेवलीत. खेड्यातल्या बायकांना मी हा अध्याय तुकडे न करता एका बैठकीत वाचून दाखवायचो. एकच अर्धा ऐकला की माणूस एका बाजूला कलतो.

नवगावचे_नातू
शालोम, नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल आहे, म्हणजे कोकणातला यहुदी. आजोबा अलिबागजवळच्या नवगावचे, आम्ही आता इस्रायलमध्ये अश्दोदला. घरात मराठीच बोलतो म्हणून इथे येत असतो.

तुम्ही ज्या दोन आज्ञांबद्दल बोलताय त्या येशूने तोरातून, म्हणजे आमच्या धर्मशास्त्रातून घेतल्यात. पहिली "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली, आमचा "शमा". तो आम्ही सकाळ-संध्याकाळ म्हणतो, आणि चर्मपत्रावर लिहून दाराच्या चौकटीला लावतो. त्याला मेझुझा म्हणतात. येताजाता हात लावायचा. लहानपणी आजी म्हणायची, देवावर प्रेम कर हे उंबरठ्यावर ठेवलंय, कारण तिथूनच बाहेर माणसांत जायचं असतं.

दुसरी "लेवीय" या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. दोन्हीकडे हिब्रू शब्द एकच: "वेआहवता", म्हणजे "प्रीती कर". तो एकोणिसावा अध्याय पूर्ण वाचाच. शेताच्या कडा कापू नका, त्या गरिबांसाठी ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नका. आंधळ्यापुढे ठेच लागेल असं काही ठेवू नका. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. तिथे प्रेमाची व्याख्या कुठेच नाही, कामांची यादी आहे.

आणि आमच्यात जीव वाचवायचा असेल तर शब्बाथही, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवसही, मोडायचा असतो, नुसती परवानगी नाही, तो हुकूमच आहे.

मळ्यातला
अवांतर: शब्बाथवरून आठवलं. आमचे आजोबा कोकणातल्या "शनिवार तेल्यां"च्या गोष्टी सांगायचे, ते तुम्हीच का?

नवगावचे_नातू
हो, आम्हीच. घाणा चालवायचो आणि शनिवारी बंद ठेवायचो, म्हणून गावाने दिलेलं नाव. इथे नातवंडांना सांगितलं की खूश होतात.

चंद्रभागा
मी वारकरी घरातली, माळ घातलेली. तरी धागा पहिल्यापासून वाचतेय. आमच्या एकनाथ महाराजांनी रामेश्वराला वाहायला आणलेलं काशीचं गंगोदक वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. बरोबरचे लोक हळहळले, महाराज म्हणाले इथेच पोचलं. शेवंतीताई, तुमची कावड घरातच रिती होतेय एवढंच.

जुने_पाळक
चंद्रभागाताई, डोळ्यांत पाणी आलं. हा दृष्टांत मी प्रवचनात बऱ्याचदा दिलाय.

वचनप्रेमी
दृष्टांत सुंदर आहे, मान्य. मार्क सातबद्दल पाळकसाहेबांचंही मान्य, तो संदर्भ माझ्या लक्षात नव्हता. एकच म्हणणं आहे. ख्रिस्ती विश्वासात सुरुवात आपल्यापासून होत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की त्याने पहिल्याने आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो. तो झरा बंद झाला तर सेवा करणारा कोरडा पडतो.

केडगावची_लेक
वचनप्रेमी दादा, तुमच्या त्या झऱ्याबद्दलच लिहिते.

माझी पणजी दुष्काळात केडगावला आली. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, तिथेच टाके घालायला, वाचायला शिकली. त्यामुळे बाईंची गोष्ट आमच्या घरी पाळण्यापासून ऐकायला मिळते.

बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, ते वैद्यकी शिकायच्या इराद्याने. तिथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे (नन) राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजाने "पतित" म्हणून टाकलेल्या बायकांचा तिथे सांभाळ होत होता. बाई चकित झाल्या. अशा बायकांना जवळ घेणारं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी बाई वाचायला मिळाली. पाच नवरे झालेल्या त्या बाईशी प्रभू भर दुपारी बोलत बसतो. बाईंनी नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की ख्रिस्ताचं खरं रूप त्यांना तिथे दिसलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सगळी शास्त्रं कोळून प्यायलेली ही बाई. पण तिला देव दिसला तो कुणीतरी कुणाची तरी सेवा करताना. पुढे केडगावला त्यांनी तशाच बायकांसाठी कृपा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली आणल्या. आणि दुसऱ्या बाजूला हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. १९२२ मध्ये वारल्या, तोवर ते काम हातात होतं. शेकडो मुलींच्या जेवणाची चिंता आणि ग्रीक क्रियापदांची चिंता, एकाच घरात.

म्हणून मला "पहिली आज्ञा की दुसरी" हा प्रश्न कळतच नाही. आमच्या पणजीला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ताट आधी वाढा.

जामखेडकर
केडगावचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. दोघंही वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांनी नुसता दवाखाना काढला नाही, गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कितीतरी अंगठेबहाद्दर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला. पाण्याला सगळ्यांना तिथेच यावं लागलं. माझ्या आजोबांच्या लहानपणी त्या वस्तीतून कोणी जात नव्हतं. शेजारी कोण, हा प्रश्न आमच्या भागात हंडा घेऊन सुटलाय.

सिस्टर_मिरज
मी नर्स. २२ वर्षं वॉर्डात काढलीत. शास्त्राचं पाळकसाहेब सांगतायत, मी कामाचं विचारते.

शेवंतीताई, गादी कसली वापरता? एअर बेड नसेल तर आजच बघा, मेडिकल सामानाच्या दुकानात भाड्यानेही मिळतो. दर दोन तासांनी कूस बदला. रात्रीचा गजर लावा, पण तो एकटीने उठायचा नाही, नवऱ्याशी आणि मुलाशी पाळी ठरवा. बारावीचा असला तरी. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. कुठे लाल दिसलं तर तिथे चोळायचं नाही, तेल नाही, पावडर नाही. भरवताना उठतं बसवून, छोटे घास. ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आणि एक. राग मानू नका. एवढं मोठं लिहिलंत, पण सासूबाईंवर तुमचं प्रेम आहे असं कुठे लिहिलं नाहीत. वॉर्डात नातेवाईकांच्या तोंडून जे येत नाही तेच आम्ही आधी ऐकतो.

शेवंती
तीन दिवस झाले, हे वाक्य वाचून फोन बाजूला ठेवला होता.

सिस्टर, तुम्ही बरोबर ओळखलंत. माझा खरा प्रश्न चर्चचा नव्हताच.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. माझं माहेर गरीब, वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. सासूबाईंनी एकवीस वर्षांत मला नावाने हाक मारली नाही. "अगं ए." माझे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी निरोप पाठवला, पाहुणे येणारेत, परत ये. आणि मी आले. ते मी विसरले नाही. आता त्यांचं सगळं करते, चोख करते, पण आतून दगड. अंग पुसताना तो तिसरा दिवस आठवतो. रात्री "आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणते आणि "जशी आम्ही आपल्या ऋण्यांना ऋणे सोडली आहेत" इथे येऊन थांबते. पुढे म्हणवत नाही.

त्या बाईंचं वाक्य लागलं ते म्हणूनच. पहिली प्रीती थंड झाली असं नाही. दुसरी कधी पेटलीच नाही. मन नसताना केलेली सेवा प्रीतीत धरतात का? प्रीती ही हुकूम देऊन करायची गोष्ट आहे का?

मळ्यातला
ताई, मी वर एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो होतो. माफ करा.

वचनप्रेमी
शेवंतीताई, मी सगळ्यांत कडक लिहिलं, म्हणून आधी मीच लिहितो.

माझा सख्खा भाऊ आणि मी, आमच्यात जमिनीवरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. त्या सहा वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही. दशमांश वेळेवर. कॉटेज मीटिंग माझ्याच घरी. एका प्रभुभोजनाला पाळकांनी मत्तय पाच वाचलं: दान वेदीपाशी आणलंस आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. मी भाकर हातात घेतली आणि खाल्ली. गेलो नाही. पुढच्या वर्षी भाऊ अपघातात गेला.

म्हणून मी एकांत, वचन, संगत यांवर एवढा भर देतो. माझ्याकडे ते सगळं होतं असं मला वाटत होतं. लोकांना सांगतो ते खरं म्हणजे स्वतःलाच सांगत असतो. योहानाच्या त्याच पत्रात पुढे आहे की डोळ्यांपुढच्या बंधूवर जो प्रीती करत नाही त्याला न पाहिलेल्या देवावर प्रीती करता येणं शक्य नाही. परवा मी फक्त त्याआधीचं वाक्य दिलं होतं.

केडगावची_लेक
दादा 🙏

नवगावचे_नातू
शेवंतीताई, लेवीय १९:१८ आपण अर्धंच म्हणतो. त्या वचनाची सुरुवात अशी: सूड उगवू नकोस, आपल्या लोकांचा दावा मनात धरू नकोस, तर शेजाऱ्यावर प्रेम कर. म्हणजे ही आज्ञा मुळात मनात आधीच दावा असलेल्या माणसालाच दिलीय. ज्याच्या मनात काही नाही त्याला कशाला सांगायचं? आणि त्याच्या आदल्या वचनात आहे की मनात द्वेष ठेवू नकोस, शेजाऱ्याला त्याची चूक सांग. गप्प बसून गिळायला कुठे सांगितलेलं नाही.

जुने_पाळक
नातूभाऊंनी माझं अर्धं काम केलं. बाई, दोन गोष्टी.

प्रभूच्या आज्ञेत ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो "अगापे"च्या धातूचा. पोटातून उमाळा येणं एवढाच त्याचा अर्थ नाही. समोरच्याचं भलं धरून राहणं, तेही त्यात येतं. वैऱ्यांवर प्रीती करा म्हणताना तोच शब्द आहे, आणि वैऱ्याबद्दल कुणाला उमाळा येतो? तुम्ही रोज पहाटे उठून जे करता ते त्या शब्दात बसतं.

दुसरी गोष्ट मला माझ्या गुरूंनी शिकवली. ते क्रियापद व्याकरणाने भविष्यकाळी आहे. आपण "कर" असं भाषांतर करतो, ते बरोबरच आहे. पण अक्षरशः वाचलं तर "तू प्रीती करशील" असंही वाचता येतं. मला पुष्कळ वर्षं ते हुकमापेक्षा वचन म्हणून धरून राहावं लागलं. का, ते इथे लिहीत नाही.

प्रार्थना जिथे थांबते तिथे थांबा. खोटं पुढे म्हणू नका. दुसऱ्या दिवशी परत तिथवर या.

चंद्रभागा
ताई, तिसऱ्या दिवसाचं त्यांना सांगा. बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं नाही ना?

सिस्टर_मिरज
उजवी बाजू आणि बोलणं एकदम गेलं तरी पुष्कळांना बोललेलं बरंचसं समजतं. चंद्रभागाताईंचं मला पटलं. रागाने नको, सावकाश, समोर बसून, छोट्या वाक्यांत.

वसईकर_मास्तर
शेवंतीताई, शहर कोणतं तेवढं सांगा. धाग्यावर नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सगळे इथे वचनं देतोय, रविवारी साडेआठ ते अकरा कोणी बसायला मिळतं का ते बघू या.

केडगावची_लेक
पुणे-पिंपरी भागात असतील तर मी बसेन. आईचं सगळं केलंय, कूस बदलता येते. व्यनि करते.

शेवंती
सगळ्यांचं परत परत वाचलं. उशीर झाला लिहायला.

एअर बेड भाड्याने आणला. रात्रीची एक पाळी मुलगा करतो, त्यानेच मागून घेतली.

परवा दुपारी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि दादांच्या तिसऱ्या दिवसाचं सांगितलं. माझे वडील, आम्ही दादा म्हणायचो. मला वाटलं होतं शांतपणे सांगेन, नाही जमलं. त्या बघत राहिल्या. मग डावा हात हलवला. मला वाटलं पाणी हवंय, म्हणून वाटी-चमचा घेतला, तर मान हलवून नाही म्हणाल्या. हात तसाच पुढे. मी धरला. किती वेळ ते माहीत नाही, कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठले.

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलेलं नाही, आणि कळलं असं मी म्हणणारही नाही. रात्री प्रार्थना अजून तिथेच थांबते.

केडगावच्या ताई काल आल्या होत्या. मी अकरा महिन्यांनी पूर्ण उपासनेला बसले. पाळकसाहेब पुढच्या आठवड्यात प्रभुभोजन घेऊन घरी येतो म्हणालेत, सासूबाईंसाठी आणि माझ्यासाठीही.

सिस्टर, कमरेखाली एक जागा लाल झालीय, रुपयाएवढी. कातडी फुटलेली नाही. काय करू?

सिस्टर_मिरज
बोटाने हलकेच दाबा आणि सोडा. पांढरी होऊन परत लाल होते की तशीच लाल राहते? तशीच राहत असेल तर उद्याच डॉक्टरांना दाखवा. तोवर त्या बाजूवर अजिबात झोपवू नका. फोटो व्यनित पाठवा, मी रात्रपाळीला आहे, जागीच आहे.